महाविद्यालयांच्या कपाटांतला विद्यापीठाचा इतिहास: जुने कागद जपावेत कसे आणि लोकांपर्यंत न्यावेत कसे?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातील एका जुन्या महाविद्यालयात मी गेली १४ वर्षे इतिहास शिकवत आहे. आमच्या कार्यालयाची दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीत सुरू होणार असल्यामुळे जिन्याखालची दप्तराची खोली त्याआधी रिकामी करावी असा आदेश निघाला आहे, आणि ते काम मी मागून घेतले आहे. खोलीत चार लोखंडी कपाटे आणि दोन लाकडी पेट्या आहेत. त्यांत जनरल रजिस्टरे, आवक-जावकच्या बारनिश्या (नोंदवह्या), विद्यापीठाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या नस्त्या (फायली), सायक्लोस्टाइल केलेली परिपत्रके, वार्षिक नियतकालिकांचे अंक, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि टेपची सहा स्पूल आहेत.

परवा त्यांतली एक नस्ती सहज उघडली. १९६३ सालच्या एका पत्राच्या स्थळप्रतीवर (कार्यालयात ठेवलेल्या प्रतीवर) महाविद्यालयाचा रबरी शिक्का आहे. शिक्क्यात ‘पुणे विद्यापीठाशी संलग्न’ असे शब्द आहेत. त्यातला ‘पुणे’ हा शब्द कोणी तरी निळ्या शाईने एका सरळ रेघेत खोडला आहे आणि वर, जागा अपुरी असल्यामुळे अक्षरे दाटीने बसवून, ‘शिवाजी’ असे लिहिले आहे. त्या नस्तीतील पुढच्या अकरा पत्रांवर हीच दुरुस्ती त्याच हाताने केलेली दिसते आणि बाराव्या पत्रावर नवा शिक्का उमटतो. आपले शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी युद्ध सुरू असताना, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झाले, हे वर्धापनदिनाच्या प्रत्येक भाषणात आपण ऐकत आलो आहोत. परंतु एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे म्हणजे महाविद्यालयाच्या टेबलावर नेमके काय होते, हे मला त्या खोडलेल्या शब्दाने प्रथमच दाखवले.

अडचण अशी आहे की, काही सहकाऱ्यांच्या मते सगळे स्कॅन करून मूळ कागद रद्दीत द्यावेत, तर काहींना त्यातील सुंदर छायाचित्रे आणि मान्यवरांच्या सह्यांची पत्रे निवडून फ्रेम करून लावायची आहेत. दोघांचाही हेतू चांगला आहे. मात्र दहा वर्षांपूर्वी याच खोलीतून १९५० च्या दशकातील तपासणी अहवालांचे गठ्ठे किलोच्या भावाने गेले, तेव्हा मी नवीन होतो आणि गप्प राहिलो. त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून जाणकारांना विचारतो: सुरुवात कुठून करावी, काय ठेवावे, आणि हे कागद विद्यार्थ्यांना व गावाला पाहता यावेत यासाठी काय करावे? हाताशी सहा आठवडे, चार उत्साही विद्यार्थी आणि एक साधा स्कॅनर आहे.

बारनिशी

सर, मी आयुष्यभर अभिलेख कक्षात काम करून निवृत्त झालो आहे. पहिली विनंती एकच करतो: कपाटातील काहीही बाहेर काढून ‘विषयवार’ लावू नका. छायाचित्रे एकीकडे, मान्यवरांची पत्रे दुसरीकडे, असे एकदा केले की ते कागद कोणत्या कामासाठी, कोणाकडून आणि कशाच्या आगेमागे आले होते हे पुन्हा कधीच कळत नाही. तुम्ही पाहिलेल्या शिक्क्याचेच उदाहरण घ्या. ते एक पत्र फ्रेममध्ये लावले असते तर लोकांनी ते कौतुकाने पाहिले असते आणि पुढे गेले असते. अकरा पत्रे ओळीने असल्यामुळेच नवा शिक्का यायला किती दिवस लागले हे तुम्हाला तारखांवरून मोजता येते. ज्या कार्यालयाचे दप्तर आहे त्याचेच ते एकत्र ठेवायचे आणि त्या कार्यालयाने जो क्रम लावला होता तो मोडायचा नाही, ही जगभरच्या अभिलेखागारांची मूळ शिस्त आहे. आपल्या जुन्या कारकुनांना ती रुमालात दप्तर बांधतानाच ठाऊक होती.

तेव्हा पहिल्या दिवशी कपाट उघडून आहे तसे छायाचित्र घ्या. कपाटांना क, ख, ग, घ अशी अक्षरे आणि खणांना वरून खाली क्रमांक द्या. मग प्रत्येक नस्तीसाठी एक ओळ: कपाट, खण, नस्तीवरील मूळ शीर्षक जसेच्या तसे, पहिली आणि शेवटची तारीख, अंदाजे पाने, अवस्था. शीर्षक चुकीचे किंवा अपुरे वाटले तरी बदलू नका. तुमचे म्हणणे शेजारच्या रकान्यात लिहा. चार विद्यार्थी असतील तर ही यादी तीन आठवड्यांत पूर्ण होते, आणि पुढे काहीही झाले तरी ती यादी हाताशी राहते. क्रमांक लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, कागदाच्या मागच्या कोपऱ्यात; पेनने किंवा स्टिकरने नव्हे.

काय ठेवावे याविषयी. शासकीय कार्यालयांतील अ, ब, क, ड वर्गवारी तुमच्या कार्यालयातील जुन्या मंडळींना माहीत असेलच. ‘अ’ म्हणजे कायम आणि ‘ड’ म्हणजे वर्षभरात निकाली. परंतु ती वर्गवारी कामकाजाच्या गरजेपुरती केलेली आहे. इतिहासाच्या दृष्टीने एखादी ‘क’ वर्गातील नस्ती, उदाहरणार्थ वसतिगृहाच्या खाणावळीच्या दरांवरून विद्यार्थ्यांनी केलेला अर्ज, ‘अ’ वर्गातील दहा छापील परिपत्रकांपेक्षा मोलाची ठरते. छापील परिपत्रकाच्या प्रती प्रत्येक महाविद्यालयात गेलेल्या असतात. त्याच्या समासात तुमच्या प्राचार्यांनी लिहिलेला शेरा मात्र फक्त तुमच्याकडेच असतो. म्हणून एकाच छापील कागदाच्या पंधरा कोऱ्या प्रती असतील तर दोन ठेवा, पण प्रत्येक प्रत उलटून पाहिल्याशिवाय टाकू नका. जे टाकाल त्याची यादी करून त्यावर प्राचार्यांची सही घ्या. कागद नष्ट झाला हेसुद्धा पुढच्या माणसाला कळले पाहिजे.

मूळ कागद स्कॅन करून रद्दीत देण्याचा विचार मात्र पूर्ण सोडून द्या. स्कॅन ही पाहण्याची सोय आहे. कागदाचा पोत, जलचिन्ह, शाईचा थर, मागच्या बाजूला उमटलेली पोस्टाची तारीख, टाचणीच्या भोकांवरून कळणारे जोडपत्र, यांतले पुष्कळसे स्कॅनमध्ये उतरत नाही.

आता कागदाच्या प्रकृतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगल्या हेतूने केलेले नुकसान मी फार पाहिले आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बंद लोखंडी कपाटात बुरशी धरतेच. कोरड्या दिवशी कपाटे उघडून हवा खेळती ठेवा. कागद उन्हात मात्र कधीही घालू नका, कारण उन्हाने शाई उडते आणि आधीच पिवळा पडलेला गिरणीचा कागद आणखी ठिसूळ होतो. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका. कागदाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून, टाचणीचे टोक हळूच वाकवून मग ती सोडवा. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर कोणत्याही परिस्थितीत करू नका. लॅमिनेशनच्या उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही आणि कागदातील आम्ल आतच राहते. फाटलेल्या कागदाला जपानी टिश्यू आणि पिठाची खळ लावून जोडतात, पण तेही शिकलेल्या माणसाकडून; तोवर तो कागद दोन स्वच्छ, आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा. डांबरगोळ्यांनी कसर थोडी लांब राहते, पण त्या वाफेत बसून काम करणे आरोग्याला चांगले नाही. त्यापेक्षा झाडलोट, कोरडेपणा आणि दर महिन्याची पाहणी जास्त उपयोगी पडते.

शेवटी, नव्या जागेत सर्वांत खालचा खण जमिनीपासून किमान वीतभर वर ठेवा आणि तळमजला टाळता आला तर टाळा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात याचे कारण सांगायला नको.

सुतारवाडा

बारनिशी काकांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा माझ्या आजीच्या ट्रंकेतील कागद भिजले. आजी एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. त्या ट्रंकेत तिची नेमणुकीची चिठ्ठी होती आणि एक समूहछायाचित्र होते: पुढच्या रांगेत खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभी मुले आणि अगदी उजव्या कडेला, अर्धी चौकटीबाहेर, आजी आणि दोन शिपाई. छायाचित्राच्या मागे खुर्च्यांवर बसलेल्या सर्वांची नावे टंकलिखित केलेली होती. कडेच्या तिघांची नव्हती. आम्हाला तेव्हा माहीत नव्हते, म्हणून आम्ही सगळे कागद एकावर एक चिकटलेले असतानाच ओढून वेगळे केले आणि तारेवर उन्हात टांगले. चिठ्ठीवरील अक्षरे गेली. नंतर कळले की भिजलेला कागद दोन दिवसांच्या आत हाताळला नाही तर बुरशी धरते, आणि लगेच सुकवणे शक्य नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे वेळ मिळतो. सुकवायचा तो सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये टीपकागद घालून. हे इथे लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोग होईल.

सर, तुमच्या पेट्यांतही अशी छायाचित्रे असणार. कडेला उभ्या असलेल्या माणसांची नावे शोधण्याचे काम कृपया याच सहा आठवड्यांत सुरू करा, कारण ती सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. छायाचित्राची मोठी प्रत काढून त्यावर पातळ कागद ठेवा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून क्रमांक द्या आणि ती प्रत घेऊन निवृत्त शिपाई, ग्रंथालय परिचर, खाणावळीतल्या मावश्या यांच्या घरी जा. कोणी कोणते नाव सांगितले आणि कोणत्या तारखेला, हेही लिहून ठेवा. दोघांनी वेगवेगळी नावे सांगितली तर दोन्ही ठेवा. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजनेत राहून शिकलेल्या पिढ्यांची माणसे आज गावोगाव आहेत. त्यांच्याजवळ कागद फारसे नसतील, पण त्यांनी काम करून शिक्षण कसे पुरे केले हे त्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करता येईल. ध्वनिमुद्रणाआधी त्यांची लेखी संमती घ्या आणि काय प्रसिद्ध करायचे, काय नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

सायबर चौक

यादीविषयी वर जे सांगितले आहे त्याला पूर्ण दुजोरा देतो. मी एका ग्रंथालयात संगणकीकरणाचे काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

सहा आठवड्यांत सगळे स्कॅन होणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. आधी जे नाजूक आहे, जे एकमेव आहे आणि ज्याची मागणी जास्त आहे ते घ्या. मजकुराच्या कागदांना ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरे, छायाचित्रांना ६०० ठेवा. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपा आणि वाटण्यासाठी त्यावरून जेपेग किंवा पीडीएफ तयार करा. फाइलला ‘स्कॅन००१’ असे नाव न देता बारनिशी काकांच्या यादीतील कपाट-खण-नस्ती-पान असाच क्रमांक द्या, म्हणजे संगणकावरचे चित्र आणि कपाटातला कागद यांची गाठ कधी सुटणार नाही. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात. पेनड्राइव्ह म्हणजे जतन नव्हे.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. १९६३ चा कागद आज वाचता येतो. १९९८ ची फ्लॉपी येत नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बरीच वर्षे आपल्या कार्यालयांत श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये मराठी टंकलेखन झाले. त्या फाइली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो, आणि ‘खराब झाली’ म्हणून लोक ती फाइल पुसून टाकतात. ती खराब झालेली नसते. योग्य फॉन्ट ओळखला तर परिवर्तकाने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर होते. जोडाक्षरे आणि रफार तेवढे हाताने तपासावे लागतात. जुन्या संगणकांवर अहवाल, स्मरणिका, मासिकांचे पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमधील अंक असतील तर ते संगणक भंगारात जाण्याआधी त्यांतील सर्व फाइली आहेत तशा उतरवून घ्या, आणि फॉन्टच्या फाइलीही सोबत घ्या.

लोकांपर्यंत नेण्यासाठी डीस्पेस किंवा ओमेकासारखी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. मोठी संस्था आणि ग्रंथालय पाठीशी असेल तर डीस्पेस, चार विद्यार्थ्यांनी मिळून प्रदर्शनासारखे काही मांडायचे असेल तर ओमेका. प्रबंध शोधगंगा या देशभरातील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातातच, त्यांची पुनरावृत्ती नको. मात्र यादी पूर्ण होईपर्यंत लोकांना काहीच दाखवू नये, असा जर कोणी सूर लावला तर तो मला मान्य नाही. अर्धवट यादी जरी सर्वांसमोर ठेवली तरी तिच्यात भर घालणारे लोक पुढे येतात. वर ताईंनी सांगितलेली नावे अशीच मिळतील.

टेपविषयी: हाताशी असलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर ती लगेच वाजवून पाहू नका. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फीत रासायनिक रीतीने विघटित होऊ लागली आहे असे समजा आणि ती इतरांपासून वेगळी ठेवा. स्पूल उभी ठेवायची असतात, आडवी रचायची नसतात. डब्यावर जे लिहिले असेल त्याचे छायाचित्र घ्या आणि अनुभवी ध्वनितंत्रज्ञ मिळेपर्यंत थांबा.

बारनिशी

यादी लवकर खुली करण्याला माझा विरोध नाही, पण जनरल रजिस्टर तिच्यासोबत इंटरनेटवर जाऊ नये, एवढे कळकळीने सांगतो. त्यात जन्मतारीख, जात, पालकाचा व्यवसाय, फी माफी, गुण आणि कधी कधी ‘वर्तणूक’ या रकान्यातील एखादा कठोर शेराही असतो. ती माणसे हयात आहेत, त्यांची मुले-नातवंडे याच गावात आहेत.

दुसऱ्या बाजूने, हेच रजिस्टर संशोधकासाठी सर्वांत मोठा ठेवा आहे. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिकाच या शहरात उभी राहिली. त्या वसतिगृहांतील मुले पुढे कोणत्या महाविद्यालयात गेली, कोणत्या तालुक्यातून आली, मुलींची संख्या कोणत्या वर्षी वाढली, हे त्या रकान्यांशिवाय कळणार नाही. म्हणून रजिस्टर संस्थेतच, अर्ज करून, नावे प्रसिद्ध न करण्याच्या लेखी हमीवर पाहू द्यावे. आकडे खुले करावेत, माणसे नव्हेत. चौकशी आणि शिस्तभंगाच्या नस्त्यांना तर वर्षांची मर्यादा घालून त्या बंद ठेवाव्यात आणि त्या बंद आहेत हे यादीत स्पष्ट लिहावे. लपवणे वेगळे आणि राखून ठेवणे वेगळे.

आणखी एक. या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार होते आणि ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले. कागदपत्रांचे संपादन करणाऱ्या माणसाने उभे केलेल्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतून कागद किलोच्या भावाने जावेत, हे मला सहन होत नाही. तुमची यादी झाली की तिची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे अवश्य द्या. संस्थानकाळातील मोडी कागद पेटीत सापडले तर स्वतः लावत बसू नका. करवीर संस्थानचे दप्तर सांभाळणारे राज्य शासनाचे पुराभिलेखागार कोल्हापुरातच आहे, तेथे विचारा.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. फ्रेमचा विचार सहकाऱ्यांनी मागे घेतला आहे. त्याऐवजी छायाचित्रांच्या मोठ्या प्रती लावायच्या आणि मूळ नस्तीत जागच्या जागी ठेवायचे, असे ठरले. प्राचार्यांनी पहिल्या मजल्यावरील एक कोरडी खोली दिली आहे. रद्दीचा विषय मिटला.

गेल्या शनिवारी आणि रविवारी ‘क’ कपाटाचे पहिले तीन खण झाले, १३७ नोंदी. मुलांना सर्वांत कठीण गेले ते वाचत न बसणे. तिसऱ्या खणात एक समूहछायाचित्र सापडले, त्याच्याही मागे फक्त खुर्च्यांवरील नावे आहेत आणि डाव्या कडेला खांद्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस उभा आहे. सुतारवाडा ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाह्यरेषा काढून त्याला १९ हा क्रमांक दिला. आमच्याकडील ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एका परिचरांनी प्रत हातात घेतली, चष्मा वर केला आणि जराही न थांबता त्याचे नाव, गाव आणि तो घंटा देत असे हे सांगितले. ते तारखेसह नोंदवले आहे.

यादी करताना एक गोष्ट स्पष्ट होत चालली आहे. आमचे १९४९ पूर्वीचे परीक्षेचे सगळे धागे मुंबई विद्यापीठाकडे जातात, त्यानंतरचे पुण्याकडे आणि १९६२ नंतरचे येथे. तसेच सोलापूरचे विद्यापीठ २००४ मध्ये वेगळे होईपर्यंत तेथील महाविद्यालये याच विद्यापीठात होती, त्यामुळे तेथील जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत आमच्यासारख्याच नस्त्या असणार. आमच्या नस्तीत १९६२ च्या जून ते डिसेंबर या काळातील विद्यापीठाकडून आलेली पत्रे नाहीत. जावक बारनिशीत आमच्या उत्तरांचे क्रमांक आहेत, पण मूळ पत्रे गेली आहेत. परिपत्रके सर्वांना एकच गेली असतील. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडील जुन्या महाविद्यालयांत कोणी काम करत असेल तर त्यांनी त्या सात महिन्यांची आवक नस्ती एकदा उघडून पाहावी आणि काही असेल तर केवळ क्रमांक व तारीख इथे कळवावी. कागद जागेवरून हलवू नयेत.